चौथ्या दिवसाची कोर

जयाबाईंनी विणायच्या सुईवर मोसंबं खोचलं, खिडकीचा पडदा ओढून टेबलावरचा दिवा लावला आणि फोन खांद्यात धरला.

"दिव्याकडे तोंड कर. तुझं संत्रं समोर धर, डोक्याच्या जरा वर. काय दिसतं?"

"ब्लॅक," नऊ वर्षांची अक्षता कॅलिफोर्नियातून म्हणाली. "मागची साइड ब्राइट असेल ना?"

"असेल. पण ती आपल्याकडे नाही. ही झाली अमावास्या. आता डावीकडे फिर. सावकाश."

"आजी! उजवीकडे बारीक लाइट आली!"

"संत्रं लहानमोठं झालं? कुणाची सावली पडली त्याच्यावर?"

"नो. मी फक्त फिरले."

"बस्स, एवढंच. चंद्र आपल्याभोवती फिरतो. अर्धा तो कायम उजळलेला असतो. त्यातला आपल्याला किती दिसतो, एवढाच प्रश्न."

अक्षताला शाळेतून चंद्राची वही करायची होती, पौर्णिमा ते पौर्णिमा. रोज बघायचं आणि चौकोनात काढायचं. एरवी मुलाचा, संजयचा फोन महिन्यातून एकदा यायचा, पौर्णिमेला. त्या दिवशी आई पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला जाते हे त्याच्या लक्षात असे, म्हणून. तब्येत, गॅस, सोसायटीचं पाणी, झालं. आता मात्र रोज सकाळी सव्वासहाला कोथरूडच्या त्या दोन खोल्यांत फोन वाजू लागला. तिकडे तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असायची. संजय नंबर लावून द्यायचा, "आई, हिच्याशी बोल," म्हणायचा आणि कॉम्प्युटरकडे वळायचा. जयाबाईंनीही एक वही घातली. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई ती, तिला कोण अडवणार! शेजारच्या विमलाबाई म्हणाल्या, "या वयात गृहपाठ? शाळेनं पेन्शन बंद केली की काय?" जयाबाईंनी हसून दार लावलं. खरं तर त्यांना कितीतरी वर्षांनी बरं वाटत होतं.

वहीतले चौकोन भरत गेले. शेवटचा भरला की फोन पुन्हा महिन्यावर जाणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आश्विन पौर्णिमा उजाडली. पांढरं लुगडं नेसून, बिनतारी फोन आणि वही घेऊन त्या गच्चीत उभ्या राहिल्या. पश्चिमेला टेकडीवर चंद्र पिवळसर, फिका पडत चालला होता. फोन वाजला.

"आजी, आज लास्ट! पण एक बॉक्स रिकामा आहे. अमावास्येनंतरचा चौथा दिवस. इथे फॉग होता, आठवतं? तू तुझा सांगितला होतास. तोच काढू?"

जयाबाईंनी वही उघडली. चौथ्या दिवशीची कोर सुरेख आली होती, उजवी कड नीट गोल. त्या संध्याकाळी परतीचा पाऊस कोसळत होता. चंद्रच काय, समोरची इमारतही दिसत नव्हती.

न बघता लिहिलेली निरीक्षणं त्यांनी आयुष्यभर लाल शाईनं खोडली होती. रडणाऱ्या मुलींनाही सोडलं नव्हतं.

"नको काढूस," त्या म्हणाल्या.

"व्हाय?"

"मी बघितला नव्हता. ढग होते. अंदाजानं काढला."

"पण तू म्हणालीस, छान दिसला!"

"खोटं बोलले."

अगदी बारीक आवाजात, "का?"

"तुझ्याकडे धुकं, माझ्याकडे ढग. मग बोलायचं काय? तू लगेच फोन ठेवला असतास. मला एकटीला करमत नाही गं."

"बाबा!" अक्षतानं हाक मारली. "आजीनं चीटिंग केलं. तिला करमत नाही." फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"आई?" संजय म्हणाला.

जयाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काही नाही रे. तो चौकोन रिकामा ठेव म्हणावं, बाईंना खरं सांग म्हणावं. ठेव तू, कामात असशील."

"तिकडे आज दिसतोय का?"

"दिसतोय. टेकडीला टेकलाय अगदी."

"थांब." खुर्ची सरकली, मग दार उघडल्याचा आवाज आला. मोटारी ऐकू येऊ लागल्या. "बाहेर आलोय. कुठे बघू?"

"पूर्वेला. पौर्णिमेला सूर्य एका बाजूला, चंद्र दुसऱ्या बाजूला. इथला मावळला की तिथे उगवेल."

"समोर घरं आहेत. अजून नाही दिसत."

"दिसेल. घाई करू नकोस."

"नाही करत." तो थांबला होता. कितीतरी वेळ नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. खालून विमलाबाईंची वंदनेला चलण्याची हाक आली; जयाबाईंनी ओ दिली नाही.

टेकडीवर आता झाडांची रांग तेवढी उरली होती. तिच्यावर स्वच्छ, रिकामं आभाळ.

"आई, तिकडचा गेला का?"

जयाबाईंनी वही मिटून छातीशी धरली.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "आहे अजून थोडा."