कडीचा खडक

आमच्याकडे रत्नागिरीहून पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उत्तनला न्यायचं, हा आमच्या ह्यांचा नियम होता. गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो तेव्हा घराच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "पंढरीनाथ, एवढ्या लांब कशाला आलास रे?" ते ह्यांना फार लागायचं. म्हणून मग पायपीट. घोडबंदरचा किल्ला, तारोडीची धारावी देवी, चौकचा पडका बुरूज, वेलंकनी मातेचं चर्च, आणि सगळ्यात शेवटी उत्तनजवळच्या पाली गावची कडी. माझी नणंद म्हणायची, "वहिनी, दादाकडे यायचं तर आधी आठवडाभर पायांना तेल लावायला हवं."

कडी म्हणजे काय, तर पालीच्या किनाऱ्यासमोर समुद्रात एक काळा खडक आहे आणि त्यात मनगटाएवढी जाड लोखंडी कडी बसवलेली आहे. पूर्वी तिला गलबतं बांधत, असं हे सांगायचे. कोणत्याच पुस्तकात तिचं नाव नाही, कुठे पाटी नाही. पोस्टातून निवृत्त झाल्यावर हेच एकदा फिरता फिरता तिथे पोहोचले आणि तेव्हापासून ती ह्यांची झाली. किनारा आणि खडक यांच्यामध्ये एक घळ आहे. पुरती ओहोटी असली की घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाता येतं. एरवी नाही.

ओहोटी कधी, हे ह्यांना कधी कुणाला विचारावं लागलं नाही. खाडीकाठी वाढलेला माणूस. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. अष्टमी असली तर भरती सहाला. पाहुण्यांसमोर ते डोळे मिटून बोटांवर हिशेब करायचे आणि वेळ सांगायचे. पाहुणे खूश.

पुढे पाहुणे कमी झाले. आले तरी त्यांना मॉल बघायचा असतो. ह्यांना अठ्ठ्याहत्तर लागलं, गुडघे माझे आधी गेले, आणि उत्तन मागे पडलं. यंदा नाताळच्या सुट्टीत आमची नात, कौस्तुभची मुलगी सान्वी, घरात कंटाळली होती. दहा वर्षांची आहे. तिने एका सकाळी विचारलं, "आजोबा, ती कडी खरंच आहे का, की तुमची गोष्ट आहे?"

"गोष्ट?" हे ताडकन उठले. "चल. आत्ताच्या आत्ता चल."

"अहो, आज संकष्टी आहे," मी म्हटलं. "उपाशीपोटी कुठे निघालात?"

"संकष्टी आहे म्हणूनच. चतुर्थी. चार पाऊण तीन. भरती दुपारी तीनला, म्हणजे पूर्ण ओहोटी नऊला. याहून चांगला दिवस नाही मिळायचा."

माझी सून मिनल ऑफिसला निघाली होती. चपला घालता घालता म्हणाली, "आई, पाण्याजवळ नको हं नेऊ तिला." मी म्हटलं, "नाही गं, मी आहे ना."

पालीला पोहोचलो तेव्हा गल्ल्यांमध्ये नाताळच्या कागदी चांदण्या अजून लटकत होत्या. रात्री उशिरापर्यंत गाणी झाली असणार, घरं झोपलेली. किनाऱ्यावर काठ्यांना बोंबील वाळत घातले होते आणि तीन-चार बायका तेवढ्या कामाला लागल्या होत्या. बोटी वाळूत आणि चिखलात कलंडून पडलेल्या. समुद्र लांब गेला होता. खडक उघडा होता, आणि ह्यांनी हात लांब करून दाखवल्यावर सान्वीला कडीही दिसली.

"आजी, आहे! खरंच आहे!"

"आता लांबून बघितलीस ना? बस," मी म्हटलं.

"अगं, लांबून काय बघायचं?" हे म्हणाले. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. फोन, घड्याळ, चष्मा, चपला, सगळं माझ्या मांडीवर ठेवलं. "पाणी जातंय अजून. तासभर चिंता नाही. पाच मिनिटं बसतो आणि येतो."

मी नको म्हटलं, दोनदा म्हटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आजोबांनी नातीचा हात धरला आणि दोघं घळीतून गेली. पाणी तिच्याही पोटऱ्यांच्या खालीच होतं. पलीकडे चढल्यावर तिने दोन्ही हातांनी कडी धरली आणि माझ्याकडे बघून नाचली. मीही हात हलवला. एका उपड्या टोपलीवर बसून मी ऊन खात राहिले.

बोंबील पसरणारी एक बाई माझ्याजवळ आली. मार्सेलिना तिचं नाव, ते मला मागाहून कळलं. डोळ्यांवर हात धरून ती समुद्राकडे बघत होती.

"बाय, ते म्हातारं तुमचं हाय का?"

"हो. माझे मिस्टर. आणि नात."

"मंग बोलवा त्यांना. पानी भरतय."

"नाही हो, अजून जातंय. नऊला ओहोटी."

तिने माझ्याकडे पाहिलं, वेड्याकडे पाहतात तसं. "कवाच फिरलं पानी. घळीत बघा."

मी घळीत पाहिलं. मघाशी तिच्यात तीन दगड डोकं काढून होते. आता एकच होता.

आणि मला समजलं. संकष्टीचा उपास चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी धरतात. दिवसा तृतीया असली तरी. सकाळी कालनिर्णयात मी चंद्रोदय बघितला होता, ह्यांनी संकष्टीचा लाल गणपती बघितला होता. तिथी कुणी बघितली? पाणी उपासावर चालत नाही. ते तृतीयेवर चाललं होतं, आणि तृतीयेची ओहोटी नऊच्या पाऊण तास आधीच, सव्वाआठला, होऊन गेली होती.

मी उठले. "अहो! अहो, परत या!" वारा समुद्राकडून होता. माझा आवाज माझ्याच तोंडावर आला. हे पाठमोरे बसून सान्वीला काहीतरी दाखवत होते. चौकची बाजू असेल, गलबतं कशी यायची ते असेल. मी पदर हलवला. सान्वीने पाहिलं आणि तिनेही आनंदाने ओढणी हलवली. फोन लावावा म्हणून मी पर्समध्ये हात घातला, नंबर काढला, लावला, आणि उठताना माझ्याच मांडीवरून पडलेला ह्यांचा फोन वाळूत वाजायला लागला.

मी पाण्याकडे धावले. धावले म्हणजे काय, गुडघे घेऊन जेवढं होतं तेवढं. मार्सेलिनाने मागून दंड धरला. "तू न्हाय जायचं. घळीत ओढ हाय. तू पन जाशील."

"माझी नात आहे तिथे!"

"हाय ना. म्हनून सांगते."

ती किनाऱ्यावरच्या घराकडे ओरडत गेली, "इनास! ए इनास, ऊठ!" तिचा दीर डोळे चोळत, बनियनवर बाहेर आला. त्याने एकदा खडकाकडे पाहिलं आणि झोप उडाली.

"बोट काढा हो दादा," मी हात जोडले. "ही समोरच आहे की."

"ही चिखलात बसलीय, मावशी. पान्याबिगर हालायची न्हाय. पानी आलं की उचलेल."

"पाणी आलं की ते कुठे राहतील?"

दहा बोटी डोळ्यांसमोर होत्या आणि एकही कामाची नव्हती. ज्या पाण्याची मला भीती वाटत होती, त्याचीच वाट बघायची होती.

तेवढ्यात खडकावर हे उभे राहिलेले दिसले. त्यांना कळलं होतं. ते घळीपर्यंत उतरले, पाय घातला, मांडीपर्यंत पाणी लागलं, आणि तोल जाऊन एका हातावर पडले. सान्वीने किंकाळी फोडली असेल. मला फक्त उघडं तोंड दिसलं. तिने त्यांना सदऱ्याला धरून वर ओढलं. दोघं पुन्हा कडीपाशी गेली. ह्यांनी तिला उचलून सगळ्यात उंच टोकावर उभं केलं आणि स्वतः खाली बसून एका हाताने कडी, एका हाताने तिचे पाय धरले. उपाशी माणूस. सकाळपासून नुसत्या चहावर.

"होडकी हाय," इनास म्हणाला. "बारकी. पन ती वरती हाय, कुंपनाजवळ. ओढायला मानसं लागतील."

"मानसं म्हंजे? आमी काय बोंबील हाव?" मार्सेलिनाने टोपली फेकली.

चौघी बायका आणि इनास. आणि मी. मला कुणी नको म्हणालं नाही. होडीखाली लाकडाचे ओंडके घालायचे, ढकलायचं, मागचा ओंडका काढून पुढे घालायचा. वाळूत ओंडके रुतत होते. मी आयुष्यात एवढा जोर लावून काही ढकललं नसेल. मध्येच मान वर करून बघितलं तर खडक लहान झालेला. ह्यांच्या कमरेपर्यंत लाटा. पुन्हा बघितलं तर कडी दिसेना, फक्त ह्यांचा हात पाण्यात गेलेला, म्हणजे तो अजून कडीवर होता. मग मी वर बघायचं सोडलं. गणपतीचं नावही घेतलं नाही. खरं सांगते, त्या वेळी मला त्याचा राग आला होता.

"खाली बघ, बाय, खाली बघ आन् ढकल," मार्सेलिना म्हणत होती.

होडी पाण्याला लागली. इनास आणि एक तरुण बाई चढली, वल्ही घेतली. मी छातीएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिले आणि मला मागून कुणीतरी धरून ठेवलं. लाट आली की होडी दिसेनाशी व्हायची. खडकाजवळ ती जाऊ शकत नव्हती, आपटली असती. इनासने दोरी टाकली. एकदा चुकली. पुन्हा टाकली. ह्यांनी ती धरली, दातांत पकडून सान्वीच्या कमरेला एका हाताने गुंडाळली, कारण दुसरा हात कडीतून काढता येत नव्हता. आणि मग त्यांनी तिला ढकललं. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी पोरीला समुद्रात ढकललं.

ती पाण्याखाली गेली. मग केस दिसले. मग त्या बाईने तिला काखेत धरून होडीत घेतलं.

ह्यांना ओढून घ्यायला जास्त वेळ लागला. कडी सोडायला ते तयारच होत नव्हते. इनासने नंतर सांगितलं, "म्हाताऱ्याला शिव्या घातल्या तवा सोडली. माफ करा."

होडी किनाऱ्याला आली. सान्वीच्या तळपायाला कालवांच्या शिंपल्यांनी कापलं होतं, ओठ निळे पडले होते. मी तिला साडीच्या पदरात गुंडाळलं. ती थरथरत होती, रडत नव्हती. हे होडीत मागे बसलेले. मनगट सोलून निघालं होतं. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी हळू, विचारल्यासारखं म्हणाली, "आजोबा, तुम्ही म्हणालात पाणी जातंय."

 

मार्सेलिना सान्वीला उचलून घरात घेऊन गेली, चुलीजवळ. बाकीच्या बायकाही गेल्या. इनासने हात पुढे केला. "उतरा, बाबा. झालं आता. चहा घ्या."

हे उतरले नाहीत. होडीच्या तळात साचलेल्या पाण्यात पाय सोडून, हात मांडीवर ठेवून बसून राहिले. इनासने मला विचारलं, "काय झालं यांना?" मी म्हटलं, "तुम्ही जा. मी आणते."

वाळूत कुठेतरी फोन वाजत होता. मिनल जेवणाच्या आधी एकदा लावते. तो वाजून थांबला आणि परत वाजायला लागला.

"अहो, चला," मी म्हटलं. "पोरगी वाट बघत असेल."

"ती नाही बघायची," हे म्हणाले. "आणि कौस्तुभला मी काय सांगू? सुनेला काय सांगू? दाखवायला नेली होती म्हणून?"

पंचावन्न वर्षं मी या माणसाबरोबर काढली, आणि भरतीची वेळ आजवर कधी चुकलेली नव्हती त्यांची. पाहुण्यांसमोर बोटांवर मोजून वेळ सांगणारा तो माणूस आता होडीत नव्हता. त्याच्या जागी कुणीतरी म्हातारा बसला होता आणि त्याला थंडी वाजत होती.

मी साडी खोचली. होडीच्या काठाला दोन्ही हात लावले. गुडघा वर जाईना. दुसऱ्यांदाही जाईना. तिसऱ्यांदा पोटावर आडवी पडून, कशीबशी लोळत मी आत गेले आणि ह्यांच्या शेजारी त्या पाण्यात बसले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांचं सोललेलं मनगट माझ्या हातात घेतलं, आणि होडीच्या तळाखाली पाणी चढत होतं ते आम्हां दोघांनाही जाणवत राहिलं.