भोंगा आणि बुलबुल

गाणं मुळात संथ होतं. गॅरेजच्या वरच्या खोलीत, खिडक्यांना गाद्या लावून ती ते टेपवर गायली, तेव्हा तिला बुलबुल कुणी म्हणत नव्हतं. आवाज जाड, जरा खरखरीत. घरात आई तिला भोंगाच म्हणायची. उस्ताद म्हणजे ग्रुपचा कीबोर्डवाला. त्यानं गाण्याखाली एकसारखा ठोका घातला आणि तिसरा गडी लांबू त्यावर नाचायला उभा राहिला. पहिलं कडवं संपेपर्यंत लांबू भिंतीला टेकला होता.

"यावर जांभई देता येईल," तो म्हणाला, "नाचता नाही येणार."

पुन्हा गाऊन घ्यायचा उस्तादला कंटाळा. त्यानं सरळ टेपच जास्त वेगानं पळवली. ठोका धावायला लागला, आणि त्याच्यासोबत आवाजही चढला, बारीक झाला, कुणा कोवळ्या पोरीचा वाटायला लागला. लांबू हवेत उडाला. तिघं हसून हसून लोळले. त्या हसण्यातच सगळं ठरून गेलं आणि विचार करायचा तेवढा राहिला.

गाणं गाजलं, आणि असं गाजलं की दुकानात, टॅक्सीत, व्यायामशाळेत, जाल तिथे तेच. लोक तिला बुलबुल म्हणायला लागले. पण स्टेजवर तो आवाज काढणार कोण? तसा गळा कुठल्या बाईला असतो? मग माइक बंद आणि ओठ चालू. लोकांना पुढच्या गाण्यातही तोच आवाज हवा होता, म्हणून तेही पळवलं. मग सगळीच पळवली. एकदा सोंग घेतलं की ते वठवावं लागतं, आणि बुलबुलनं ते वर्षानुवर्षं झकास वठवलं.

फसली नाही ती एकटी आई. आई शिवणकाम करायची. दुसऱ्याच्या मापाचं कापड तिला लांबूनही कळायचं. रेडिओवर गाणं लागलं तेव्हा मशीन थांबवून तिनं विचारलं होतं, "ही कोण गं?"

"मी."

"चल! हा तुझा गळा नाही."

"अगं, टेप पळवली की आवाज बदलतो."

"गाडी पळवली म्हणून ड्रायव्हर बदलतो होय?" आईनं पुन्हा पायडल मारलं. "दुसरीच्या गळ्यावर नाव कमावतेस. त्या पोरीला निदान जेवायला तरी बोलाव एकदा."

मुलीनं तिथल्या तिथे गाऊन दाखवलं. आई म्हणाली, "इतकं कानावर पडतंय, मलाही पाठ झालंय." पुढे भांडणं झाली, अबोले झाले. आई खोटं कधी बोलली नव्हती आणि खोटं तिनं कधी खपवूनही घेतलं नव्हतं. लेक चोर आहे एवढं तिनं मनाशी धरलं, आणि तरी दर वाढदिवसाला ब्लाऊज शिवून देत राहिली. तेच जास्त लागायचं.

नंतर लागणंही थांबलं. बुलबुल आतून बधिर झाली, त्याला दुसरा शब्द नाही. जहाजावरचे कार्यक्रम, मॉलची उद्घाटनं, हॉटेलांचे हॉल. ओठ आपले आपण हलायचे आणि ती मनात घरच्या गळक्या नळाचा विचार करत असायची. लोक पुढे येऊन डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, तुमच्या आवाजानं आमचं तरुणपण सोन्याचं केलं. ती म्हणायची, थँक्यू. आत काही हलायचं नाही.

शेवटी लांबूच्या गुडघ्यांनी ग्रुप मोडला. निरोपाच्या कार्यक्रमाला आई येते म्हणाली. "लांबूला बघायला," असंही म्हणाली.

दुपारी तालमीला बुलबुलनं उस्तादला विचारलं, "आज एकदा मूळ वेगात लावशील? आईसाठी."

"लोक नाचायला येणारेत. नाच मेला की कार्यक्रम मेला." तो वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त ठोका कळायचा. "आणि आता कशाला उकरून काढतेस?"

"बरं," ती म्हणाली. तिला राग आला नाही. यायला हवा होता, एवढं मात्र तिला जाणवलं.

कार्यक्रम भरात होता. हॉल नाचत होता, लांबू कण्हत कण्हत उड्या मारत होता, आई पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. पहिलं कडवं संपलं आणि बुलबुल माइक सोडून चालत उस्तादच्या टेबलाशी गेली. ठरवून नाही, पाणी प्यायला जावं तशी. वेगाची कळ तिनं बोटानं खाली ओढली.

ठोका मंदावला. आणि मोठ्या स्पीकरांतून आवाज आला: जाड, खरखरीत, गाद्या लावलेल्या खोलीतला. बुलबुल ओठ मिटून ऐकत उभी राहिली. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. कुणीतरी ओरडलं, "मशीन बिघडलं!" हॉलभर हशा पिकला. उस्तादनं घाईघाईनं कळ वर ढकलली, माफी मागितली. टाळ्या पडल्या. बुलबुल माइकपाशी परतली आणि ओठ हलवायला लागली. संपलं, तिला वाटलं. तिचा खरा आवाज जगानं ऐकला होता आणि बिघाड म्हणून दुरुस्तही केला होता.

मेकअपच्या खोलीत आई खुर्चीत बसून होती. ती म्हणाली, "मधे तू गात होतीस."

बुलबुलचा हात तोंड पुसता पुसता थांबला.

"तोंड मिटलेलं होतं तुझं, तरी ओळखलं मी. आमचा भोंगा. म्हणजे तू खरं सांगत होतीस. आणि मी इतकी वर्षं..."

"राहू दे गं."

"लोक हसले तुला."

"हो."

आता मात्र आत हललं, आणि असं हललं की तिला खुर्चीची पाठ धरावी लागली. ती रडली, मोठ्यानं, भसाड्या आवाजात. कॉरिडॉरमधून जाणारी माणसं दारातून वाकून बघायला लागली. आईनं उठून दार लावून घेतलं, लेकीच्या ब्लाऊजची खांद्यावरची शिवण नीट केली आणि पर्स उचलली.

"चल घरी," ती म्हणाली. "त्या दुसरीला राहू दे इथेच."