आठ नंबरचा आवाज

"आपल्या भावना आम्ही समजू शकतो," हे वाक्य तिने सकाळपासून एकेचाळिसाव्यांदा चिकटवलं, मेल पाठवून दिला आणि बेचाळिसावा उघडला.

कंपनीने सोमवारी जाहीर केलं होतं. लाकडी मुठीचे, घडी होणारे सहा आणि आठ नंबरचे चाकू बंद. त्यांच्या जागी काळ्या प्लास्टिकच्या मुठीचे तीन नवे, खिशाला अडकवायच्या क्लिपसकट. जुन्यांची दुरुस्ती तीस तारखेपर्यंत, त्यानंतर सुटे भाग मिळणार नाहीत. एवढंच. पण चाकूवेड्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं. एकाकडे चौदा आठ नंबर होते, चौदाही कोरे, त्यांनी कधी साधी दोरी कापलेली नव्हती, तरी आपण पोरके झालो असं त्याने लिहिलं होतं. दुसऱ्याने नव्या चाकूचा फोटो पाठवून विचारलं होतं, हा चाकू आहे की दाढीचं यंत्र? तिसऱ्याने मुठीच्या लाकडाच्या रेषांवर दोन पानं खरडून शेवटी कळवलं होतं की काल तो जेवला नाही. त्याच्या बायकोने ते ताट कुणाला वाढलं, हे मात्र लिहिलेलं नव्हतं.

एरवी ती हसली असती. शेजारच्या टेबलावरचीला वाचून दाखवलं असतं. पण नवरा गेल्यापासून, म्हणजे गेले अडीच महिने, सगळं तिच्यापर्यंत जाड पांघरुणाआडून यायचं. दोन दिवसांचं दुखणं, दवाखाना, आणि संपलं. डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. नणंद दंडाला धरून म्हणाली होती, "रड गं एकदा. आत कोंडून ठेवू नकोस." तिने सूचना ऐकावी तशी मान हलवली होती. कंपनीचं सांत्वनाचं पत्र आलं, त्याची सुरुवातही 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो' अशीच होती. तो मजकूर चार वर्षांपूर्वी तिनेच तयार केलेला. पत्र वाचताना तिला त्यात एक स्वल्पविराम जास्तीचा सापडला होता.

बेचाळिसावा मेल छोटा होता. एका म्हाताऱ्या माणसाने लिहिलं होतं की त्याच्याकडे धाकट्या भावाचा आठ नंबर आहे. भाऊ डावखुरा होता, त्यामुळे पातं एका अंगाने झिजलंय. भाऊ आता नाही. स्प्रिंग ढिली झालीय, ती बदलून मिळेल का? आणि बदलताना पातं घासणार तर नाही ना?

हे तिला माहीत नव्हतं. तिने पर्स उचलली आणि खाली दुरुस्तीच्या खोलीत गेली.

तिथला कारागीर एकवीस वर्षं चाकू दुरुस्त करत होता. सगळी कंपनी त्याला डॉक्टर म्हणायची आणि तोही त्या नावाला जागून आधी नाडी पाहावी तसा चाकू तळव्यावर तोलायचा.

"घासावंच लागतं ताई," तो म्हणाला. "नवी स्प्रिंग घातली की पातं तिच्या मापाला आणावं लागतं. का?"

"एक गिऱ्हाईक विचारतंय."

ती निघाली नाही. पर्समधून रुमालात गुंडाळलेला चाकू काढून तिने टेबलावर ठेवला.

"हाही आठ नंबर आहे. घरचा."

डॉक्टरने तो उघडला, मिटला. पातं अर्ध्यावर येऊन थांबलं, टक. त्याने तळव्याने रेटलं तेव्हा खट करून बसलं.

"हे कधीपासून?"

"नऊ वर्षं."

"आणि आज आणलात? वरच्या मजल्यावर बसून?"

नवराही हेच म्हणायचा. तुझ्याच कंपनीचा चाकू आणि माझ्याच घरात लुळा! घेऊन जा की गं एकदा. ती म्हणायची, उद्या नेते. नऊ वर्षं ती उद्या नेत होती. त्याने तिच्याकडे मागितलेल्या गोष्टी फार नव्हत्या, आणि त्यातली ही एक राहून गेली होती. उद्या तीस तारीख. हे काम झालं की आपल्याला रडू येईल, असं तिला उगाचच वाटत होतं.

"बसा दहा मिनिटं," डॉक्टर म्हणाला. "नव्यासारखा करून देतो."

त्याने खिळा कापला, जुनी स्प्रिंग उपसली, हवेच्या नळीने मुठीतली घाण उडवली. पातं घासून पुसून बसवलं. नियमाप्रमाणे जुनी स्प्रिंग कागदाच्या पुडीत घालून दिली आणि तिच्या कानाजवळ चाकू मिटून दाखवला. खटाक्. एकच, स्वच्छ आवाज.

"ऐका," तो खुशीत म्हणाला. "याच्यासाठी ती माणसं जीव टाकतात."

तिने आभार मानले. रडू आलं नाही.

संध्याकाळी सहाला तिने सफरचंद धुतलं. हे काम नवऱ्याचं होतं. ऑफिसातून आला की हातपाय धुऊन तो स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहायचा, आईसाठी एक सफरचंद सोलायचा, फोडी करायचा, चाकू टक-खट मिटून खिशात टाकायचा आणि बशी घेऊन आतल्या खोलीत जायचा. सासूला आताशा नीट दिसत नव्हतं, ती बहुतेक वेळ पलंगावरच असायची. तो गेल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात सुनेने सफरचंद सोलायला घेतलं, त्याच चाकूने. दोघी त्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. हाताला काम होतं, उरकत होतं.

आज सालं सरसर निघाली. फोडी झाल्या. तिने पातं पुसलं आणि चाकू मिटला.

खटाक्.

आतून पलंग करकरला.

"कोण आलंय गं?" सासूने विचारलं.

ती ओट्याला धरून उभी राहिली.

"कोणी नाही, आई. मीच आहे."

बशी पलंगाशी नेली तेव्हा सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती. फोडी तशाच राहिल्या, काळ्या पडल्या.

सकाळी ती जिन्यावरून थेट खाली गेली. टेबलावर चाकू ठेवला, शेजारी कागदाची पुडी.

"ही परत बसवता येईल?"

"जुनी?" डॉक्टरने चष्मा कपाळावर सरकवला. "काही बिघडलं का?"

"नाही. छान झालाय."

"मग?"

तिने पुडी त्याच्याकडे सरकवली. डॉक्टरने पुडी उघडली, वाकलेली पट्टी उजेडात धरली, तिच्याकडे पाहिलं. एकवीस वर्षांत त्याच्याकडे हे कोणी मागितलं नसावं.

"नाही बसायची ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "काल पातं घासलंय ना. जुन्या मापाचं राहिलं नाही आता ते."

"बरं," ती म्हणाली.

वर येऊन तिने बेचाळिसावा मेल उघडला. चिकटवायचा मजकूर तयार होता. चाकू आजच रवाना करा, आपल्या भावना आम्ही समजू शकतो. तिने तो सगळा पुसला आणि लिहिलं, 'चाकू पाठवू नका. पातं घासावं लागतं. स्प्रिंग ढिली आहे तशीच असू द्या, आम्ही मागवला तरी देऊ नका.' पाठीमागून साहेब येऊन वाचून गेले. काहीतरी विचारायला थांबले, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून पुढे निघून गेले.

संध्याकाळी सहाला तिने सफरचंद सोललं. फोडी केल्या. पातं पुसलं. मग चाकू मिटताना मुठीच्या खाचेत अंगठा आडवा घातला. पातं अंगठ्याच्या नखावर येऊन अडलं, टक. अंगठा काढून तिने तळव्याने रेटलं. खट.

ती आतल्या खोलीकडे कान देऊन उभी राहिली. नळाचं पाणी टपकत होतं. आपण म्हाताऱ्या बाईशी हे काय चालवलंय, असं वाटून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बशी उचलायला वळली.

"एवढ्या घाईने नाही गं," सासू आतून म्हणाली. "तो मध्ये जरा थांबायचा."

तिने बशी खाली ठेवली. बोटांनी पदर डोळ्यांना लावला, तो ओला झाला. मग चाकू पुन्हा उघडला, अंगठा ठेवला, आणि मध्ये जरा थांबून मिटला.