अकरापर्यंतचं मौन

सकाळी अकरापर्यंत मी बोलत नाही. एकवीस वर्षांचा नेम आहे. प्रयोगशाळेत तो सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझ्या दिरांना तर घरापासूनच. ते इथले प्रमुख. मला इथे नोकरीला चिकटवलं तेही त्यांनीच.

उंदराच्या पिल्लांच्या छातीतली थायमस ग्रंथी अलगद काढून द्यायची, हे माझं काम. मनात देवाचं नाव घेते आणि चिमटा लावते. त्या ग्रंथीत रोगाशी लढणाऱ्या पेशी घडतात. प्रत्येक पेशी आपल्या जनुकाचे तुकडे कापून नव्याने जोडते, म्हणून प्रत्येकीला वेगळा शत्रू ओळखता येतो. पण जनुकाचा धागा प्रथिनांच्या रिळांवर घट्ट गुंडाळलेला असतो. तो नेमक्या जागी सैल झाल्याशिवाय कात्री आत शिरत नाही. सैल कोण करतं? पंधरा वर्षांपूर्वी भाऊजींनी एका प्रथिनाकडे बोट दाखवलं. त्यांचा सगळा मान त्यावरच उभा आहे.

आमची नवी संशोधक सारखी चिवचिवायची, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. तिने ते प्रथिनच नसलेले उंदीर घेतले. त्यांच्यातही धागा सैल झाला, तुकडे जोडले गेले. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा ग्रंथी मी काढल्या, नळ्या मी भरल्या.

"काकू, सर आता मला कच्ची खातील," ती म्हणाली. तिची मुदत महिनाअखेरीस संपत होती. समितीने हे काम मानलं तरच ती राहणार होती.

"खरं ते खरं," मी म्हटलं. "मी आहे ना."

समिती नेहमी दुपारी तीनला बसते. या वेळी भाऊजींनी नऊची वेळ ठेवली.

"पोरगी हुशार आहे," ते गोड आवाजात म्हणाले, "पण हात अजून बसलेला नाही. साध्या उंदरांच्या नळ्यांशी अदलाबदल झाली असणार."

"मुळीच नाही! नळ्या काकूंनी भरल्यात. त्यांनाच विचारा."

"विचारू की. आमच्या वहिनी मेल्या तरी खोटं बोलायच्या नाहीत." ते माझ्याकडे वळले. "सांगा वहिनी, चूक झालेली नाही, असं आहे का?"

सव्वानऊ वाजले होते. खिशात पेन होतं, समोर कोरे कागद. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. घरी रोज सकाळी दूधवाल्याला मी मानेनेच नको म्हणते. पण तेव्हा मनात आलं, खूण करणं हेही बोलणंच की. एकवीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं, ते नेमकं तेव्हा सुचलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. चिमणी माझ्याकडे बघत राहिली.

"झालं तर मग," समितीतल्या बाईंनी फाइल मिटली.

अकरा वाजून गेल्यावर मी भाऊजींच्या खोलीत शिरले. "नळ्या बदललेल्या नव्हत्या. समितीला कळवा, नाहीतर मी कळवते."

"कळवा ना," त्यांनी चष्मा पुसत म्हटलं. "ते विचारतील, बाई, तुम्ही तिथेच बसला होतात ना?" मग आवाज उतरवून म्हणाले, "वहिनी, वेळ नऊची ठेवली ती तुमच्याचसाठी. घरच्या माणसाविरुद्ध बोलायची पाळी येऊ नये म्हणून. सुटल्यासारखं वाटलं की नाही, खरं सांगा."

वाटलं होतं.

समितीला पत्र मात्र त्याच दुपारी लिहिलं. आठ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: नोंद घेतली आहे.

महिनाअखेरीस सकाळी दहाच्या सुमाराला चिमणी शीतकपाटातून तिचं खोकं काढत होती. उरलेल्या पेशी त्यात गोठवलेल्या होत्या. "सरांनी जागा रिकामी करायला सांगितलंय. माझ्याच्याने फेकवत नाही. तुम्ही फेकाल का?"

मी हो म्हणून मान हलवली.

हलवून झाल्यावर माझं मलाच कळलं. तिच्याही लक्षात आलं.

"हलते की, काकू," ती म्हणाली, आणि खोकं माझ्या हातात देऊन निघून गेली.