खिडकीखालचा स्पीकर

थांबा, कमानीकडे नंतर बघा. आधी गाईडच्या कमरेकडे बघा. पट्ट्याला लटकलेला, जेवणाच्या डब्याएवढा काळा स्पीकर दिसतोय ना, तो मी बोलतोय. दिवसभर बोलतो, पण त्यातला एकही शब्द माझा नसतो. आज पहिल्यांदा स्वतःचं सांगतोय, म्हणून घाई आहे. बटणावर कधी बोट पडेल याचा नेम नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. खोक्यातून निघालो तो थेट बाईंच्या कमरेला. बाई या जुन्या शहराच्या गाईड, पायाला भिंगरी लावल्यासारख्या चालायच्या. मी आपला हिंदकळत, आदळत बरोबर. स्वस्थता अशी माझ्या नशिबी कधी नव्हतीच. कॉलरला लावलेल्या इवल्याशा माईकमध्ये बाई हळू बोलायच्या आणि मी ते अगदी मागे रेंगाळणाऱ्यांपर्यंत पोचवायचो.

बंदरावरून निघायचं, एकाच भिंतीला पाठ टेकून उभी असलेली दोन धर्मांची प्रार्थनाघरं बघायची आणि शेवटी विहिरीच्या गल्लीत शिरायचं. विहिरीच्या कठड्यावर चार लिप्यांत नावं कोरलेली. दर्यापलीकडचे व्यापारी, डोंगराकडचे रंगारी, सगळ्यांनी इथलंच पाणी भरलं, हे सांगताना बाईंचा आवाज भरून यायचा. माझाही यायचा, पण लोक म्हणायचे, बॅटरी उतरली वाटतं.

त्याच गल्लीत, तळमजल्यावर, बाईंची आत्या राहते. तिनेच बाईंना लहानाचं मोठं केलं. उजेडासाठी ती खिडकीशी शिलाई मशीन घेऊन बसते. लोक त्या खिडकीत डोकी घालायचे. माणसांचं मला नवल वाटतं. स्वतःच्या घरात कुणी डोकावलं की लगेच पडदा ओढतात, आणि फिरायला निघाले की दुसऱ्याच्या चुलीपर्यंत नजर नेतात. एकदा एका गृहस्थांनी खिडकीशीच उभं राहून बाईंना विचारलं, "या आजींना रोज इथे बसवतात का हो?"

आतलं मशीन थांबलं. बाई चपापल्या. मला कठड्यावर ठेवून त्या लगबगीने आत गेल्या. माईक मात्र कॉलरलाच राहिला, तोही चालू. मग आत जे झालं ते बाहेर सगळ्यांनी माझ्या तोंडून ऐकलं.

"आत्या, अगं, त्यांना कळलं नाही गं."

"बसवतात म्हणे! मी काय दुकानातली बाहुली आहे? खिडकी लावली तर सुई दिसत नाही, उघडली तर ही जत्रा. दुपारी पाठ टेकायची सोय नाही मला."

"लोक प्रेमाने येतात."

"येऊ देत. तुझ्या गोष्टीत व्यापारी आहेत, रंगारी आहेत. शेजारीण या गर्दीला कंटाळून लेकाकडे गेली, ते का नाही सांगत? घड्याळवाला गेला, ते? आता मी तेवढी राहिलेय. मलाही घालव, म्हणजे झालं."

 ते गृहस्थ खाली मान घालून उभे होते. बाई बाहेर आल्या, सगळ्यांचे चेहरे पाहिले, मग त्यांचा हात कॉलरकडे गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून बाई गल्लीच्या तोंडाशीच थांबू लागल्या. मला बंद करायच्या आणि साध्या आवाजात म्हणायच्या, "आत माणसं राहतात. गोष्ट इथूनच ऐका." काहीजण ऐकायचे, बरेच कुरकुरायचे. कुरकुर सहल कंपनीच्या मालकांपर्यंत गेली.

"बाई, लोक त्या गल्लीसाठीच येतात," मालक म्हणाले. "आत न्यायचं नसेल तर मला दुसरा गाईड बघावा लागेल."

बाईंनी पट्टा सोडला आणि मला त्यांच्या टेबलावर ठेवलं. "बघा," म्हणाल्या, आणि निघून गेल्या. मला वाटलं होतं, एकदा तरी मागे वळतील. माझ्यासाठी कुणी मागे वळत नाही म्हणा.

आता मी नव्या गाईडच्या कमरेला आहे. वाईट नाही तो, विनोद बरे करतो. पण विहीर जवळ आली की माझा जीव कासावीस होतो. माझा आवाज कानावर पडला की आत्या मशीन थांबवते, खिडकी ओढून घेते आणि आम्ही जाईपर्यंत अंधारात बसून राहते. एवढ्यातेवढ्या गोष्टीला घाबरणारी बाई नाही ती, पण रोज रोज कुणाशी भांडणार?

आज सकाळी लावलेली खिडकी बघून नवा गाईड म्हणाला, "इथे आता कुणी राहत नाही. बिनधास्त जवळ जा, फोटो काढा." आणि ते मी बोललो. खणखणीत, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोललो. थांबायचं म्हटलं तरी मला थांबता येत नाही. लोक पुढे सरसावले, खिडकीच्या फटींना डोळे लावले.

तेवढ्यात आत मशीन सुरू झालं. असं जोरात की खिडकीची लाकडी दारं थरथरली. लोक दचकून मागे सरले. गाईड हसला, "शेजारचा आवाज असेल," म्हणाला आणि त्याने माझं आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. मशीन काही थांबलं नाही.

तुम्ही आता थोड्याच वेळात त्या गल्लीत याल. माझा आवाज मोठा आहे, तो तुमच्या कानावर पडणारच. हात जोडता आले असते तर जोडून सांगितलं असतं: माझं ऐकू नका. तिचं मशीन ऐका, आणि मागे व्हा.