कपाटावरचं नाव

नवी नर्स रुजू झाली, तशा मोठ्या सिस्टर कपाटावरची आधीच्या पोरीच्या नावाची चिठ्ठी नखानं खरवडू लागल्या. वर्षातली ही पाचवी चिठ्ठी.

मेट्रनबाई हसत आल्या. "सिस्टर, हिला पोटच्या पोरीसारखं शिकवा हं. टिकली पाहिजे!"

"आधीचीलाही शिकवतच होते. चौथ्याच दिवशी तुम्ही तिच्या एकटीच्या गळ्यात चाळीस पेशंट मारलेत."

"अहो, मागचं कशाला उगाळता?"

सिस्टरांनी नवी चिठ्ठी चिकटवली आणि पेन उघडलं.

"पेन्सिलीनं लिहा," मेट्रनबाई त्या पोरीच्या देखतच म्हणाल्या, "पुसायला बरं पडतं."