दिवाणाच्या पेटीतली नऊ वर्षं

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला कपडे वाळत घालायची दोरी आठवेल. पण मी आहे एक जुनी, महागडी केबल. ॲम्प्लिफायरमधून निघालेलं गाणं स्पीकरपर्यंत पोचवायचं, एवढंच माझं काम. आम्ही दोघी जुळ्या बहिणी. ती डाव्या स्पीकरची, मी उजव्याची.

कारखान्यात केसांएवढ्या बारीक तांब्याच्या तारा पिळून आम्हाला घडवलं आणि वरून निळ्या विणीचा अंगरखा चढवला. मग तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मला इतक्या वेळा वाकवलं, की माझा जीव मेटाकुटीला आला. "पंचवीस वर्षं हिला काही होत नाही," असं म्हणत त्यांनी मला खोक्यात ठेवलं. मी फुशारले. पंचवीस वर्षं टिकायचं ते कुठे, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

आम्हाला विकत घेतलं ते एका मुद्रितशोधकांनी. छापण्याआधी पुस्तकांतल्या चुका हुडकणं हा त्यांचा व्यवसाय. नजर घारीची आणि जीभ त्याहून तिखट. भाजीत मीठ कमी पडलं तरी, "हे कोणी तपासलं होतं?" असं विचारायचे. त्यांच्या पत्नी घरीच शिवणकाम करत. हाताने कुशल, स्वभावाने भित्र्या. मी त्यांना बाईच म्हणते.

मालकांचा आमच्यावर भारी जीव. संध्याकाळी दिवाणावर बसून ते गाणं लावत आणि शेजारच्या मास्तरांना ऐकवत. "मास्तर, केबल चांगली असली की गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो!" मास्तर मान डोलवत. त्यांना श्वास ऐकू येत होता की नाही, देव जाणे. माझ्या अंगावर मात्र मूठभर मांस चढायचं.

एके दिवशी दुपारी बाईंनी कपाट सरकवलं. मी त्याच्या पायाखाली अडकले होते. हिसका बसला, माझ्या टोकाची पिन तुटली आणि तारा उघड्या पडल्या. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला पिशवीत कोंबून त्या तशाच कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. कारागीर म्हणाला, "वहिनी, घाबरताय कशाला? अशी पिन आत्ता नाही माझ्याकडे. आठवड्याने या, अर्ध्या तासाचं काम आहे. तोवर ही साधी वायर लावा."

घरी येऊन बाईंनी माझा निळा अंगरखा उसवला, त्या साध्या वायरीवर चढवला आणि असा बेमालूम शिवला, की कुणाला शंका येऊ नये. मला उघडीवाघडी गुंडाळून दिवाणाच्या पेटीत रजयांखाली ठेवलं. "आठच दिवस हं," असं त्या पुटपुटल्या.

संध्याकाळी मालक माझ्या डोक्यावरच, दिवाणावर येऊन बसले. गाणं सुरू झालं. माझा जीव टांगणीला लागला. आता ओळखतील! ज्यांच्या नजरेतून अनुस्वार सुटत नाही, त्यांच्या कानातून ही वायर सुटेल?

"वा!" मालक म्हणाले. "मास्तर, ऐकलंत? याला म्हणतात केबल!"

मित्रांनो, पिन तुटली तेव्हा लागलं नाही, इतकं मला ते लागलं. माझ्याविना गाण्याचं काहीच अडलं नव्हतं.

आठवडा झाला. बाई कारागिराकडे गेल्या नाहीत. आता सांगायचं म्हणजे मालक मास्तरांसमोर खोटे पडणार. उद्या सांगू, परवा सांगू असं म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली. पेटीत डांबराच्या गोळ्यांचा वास, वर रजयांचं ओझं आणि त्याच्याही वर माझंच कौतुक. बहीण चार हातांवर गात होती, पण तिला हाक मारायला मला तोंड नव्हतं. बाई कधी रजई काढायला आल्या, तर माझ्याकडे न बघता झाकण लावायच्या. मी पेटीत अडकले होते, त्या स्वतःच्या गप्प बसण्यात. दोघींपैकी कुणाची कोठडी जास्त अंधारी, सांगता येत नाही.

मग एकदा बाई त्यांच्या बहिणीकडे गेल्या असताना मालकांना थंडी वाजली. त्यांनी पेटी उघडली आणि रजई ओढली. रजईबरोबर मीही बाहेर आले. चष्मा लावून त्यांनी मला उलटसुलट पाहिलं. उठून उजव्या स्पीकरची वायर चाचपली, तिच्यावरचे बाईंचे टाके पाहिले. मग कितीतरी वेळ मला मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार.

त्यांनी मला होते तिथेच परत ठेवलं.

बाई परतल्या. मालकांनी चार दिवस गाणंच लावलं नाही. पाचव्या दिवशी मास्तर पाहुण्यांना घेऊन आले. "जरा यांना केबलची करामत ऐकवा हो!"

बाई शिलाई मशीनवर बसल्या होत्या. मशीन थांबलं.

"कसली करामत, मास्तर?" मालक म्हणाले. "कोण जाणे किती वर्षं मी साध्या वायरीला वाहवा देतोय. एवढी ढळढळीत चूक माझ्या कानाला कळली नाही."

"चूक माझी आहे," बाई उठून म्हणाल्या. "मी तोडली ती. तुम्ही काय म्हणाल म्हणून..."

"अगं, वायर काय, तुटते. पण तुला माझी एवढी भीती वाटावी?" मालक म्हणाले. "ते मी तपासायला हवं होतं."

पाहुणे पंख्याकडे बघत राहिले. मास्तरांनीच कोंडी फोडली. "वहिनी, खरं सांगू? मला तो श्वास कधीच ऐकू आला नव्हता!" बाई आधी हसल्या, मग रडल्या.

कारागिराने नवी पिन बसवली. अर्धा तासही लागला नाही. अंगरखा मात्र त्या साध्या वायरीकडेच राहिला. तो तिने कमावला होता. मी आता उघड्या अंगाने उजव्या स्पीकरला गाणं पोचवते. मालक डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "फरक काही कळत नाही बुवा." पूर्वी मला राग आला असता. आता उजेडात आहे, एवढंच पुरे वाटतं.

परवा आतून बाईंची हाक आली, "अहो, इस्त्री करताना तुमचा पांढरा शर्ट माझ्याकडून जळला!"

"कुठे?"

"कॉलरला."

मालकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "नाहीतरी टोचायचीच ती मेली."

मित्रांनो, वस्तू जपा, पण इतक्याही नाही की ती मोडल्याचं सांगायला घरातलं माणूस घाबरेल. आणि तुमच्या हातून काही मोडलं, तर पेटीचं झाकण लावण्याआधी एकदा हाक मारा. आमच्यासारख्या वस्तू अंधारात पंचवीस वर्षंही काढू शकतात. माणसाने तेवढी का काढावीत?